रोड टॅक्स भरूनही सावळेश्वरला टोल का द्यायचा?

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही राहता मोहोळला, नोकरी चिंचोळी एमआयडीसीत. रोज कारने जाता-येता सावळेश्वरचा नाका लागतो. महिन्यातून एकदा पुण्याला जाता, तेव्हा वरवडे, सरडेवाडी आणि पाटस असे तीन नाके. गाडी घेताना लाखाच्या वर रोड टॅक्स भरला, पेट्रोल भरताना दरवेळी सेस जातो, मग हा टोल वेगळा कशासाठी? आणि चौपदरी रस्ता होऊन इतकी वर्षं झाली, तरी पैसे अजून वसूल झाले नाहीत का?

मी सोलापूरचा. महामार्गाच्या कामांवर अभियंता होतो. नंतर बीओटी (खासगी कंपनीने रस्ता बांधायचा, ठरावीक वर्षं टोल घ्यायचा आणि मग सरकारला सोपवायचा) प्रकल्पांवर सरकारच्या वतीने देखरेख करणारा जो इंडिपेंडंट इंजिनिअर असतो, त्याच्या पथकात काम केलं. वाहनांची मोजणी, रस्त्याची पाहणी, पुलांचे अहवाल यांतच आयुष्य गेलं. त्यामुळे टोलची दोन्ही अंगं जवळून पाहिली आहेत.

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. टोल कशासाठी, हा पहिला. कधीपर्यंत, हा दुसरा. तिसरा तुम्ही लिहिला नाहीत, पण तो जाणवतो: मला दुसरा रस्ताच नसेल तर ही सक्ती कसली? पहिल्याचं उत्तर बरंचसं सरळ आहे. दुसऱ्याचं उत्तर त्या त्या नाक्याच्या करारावर अवलंबून आहे. तिसऱ्या प्रश्नात मी तुमच्या बाजूचा आहे.

आधी रोड टॅक्स. हा कर राज्य सरकार घेतं. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारला ११ टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के, डिझेलला आणखी जास्त. तो राज्याच्या तिजोरीत जातो आणि तिथून सगळ्याच खर्चांना वाटला जातो. तुम्ही भरलेला लाख रुपया पुणे महामार्गावर खर्च होईल असं त्या करात कुठेही लिहिलेलं नाही, कारण तो महामार्ग राज्याचा नाही, केंद्राचा आहे. मोहोळमधले रस्ते, मोहोळहून बार्शीकडे किंवा पंढरपूरकडे निघणारे रस्ते, पूल, मोऱ्या, यांतल्या ज्या कामांवर राज्याचा पैसा लागतो तिथे तुमचा कर थोडाफार पोहोचतो असं म्हणता येईल.

इंधनावरचा सेस केंद्राकडे जातो. २००० सालच्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने त्याला पाया मिळाला आणि २०१८ मध्ये त्याचं नाव व व्याप वाढवून तो रस्ते व पायाभूत सुविधा निधी झाला. त्यातून ग्रामीण रस्त्यांना पैसे जातात, राज्यांच्या रस्त्यांना जातात, रेल्वेकडे जातात आणि राष्ट्रीय महामार्गांनाही एक वाटा जातो. म्हणजे ‘मी या रस्त्यासाठी आधीच काहीतरी दिलंय’ हे तुमचं म्हणणं निराधार नाही. दिलंय, पण ते पुरेसं नाही, आणि ते देशभराच्या रांगेत उभं आहे.

ही रांगच टोलचं मूळ कारण आहे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ९, आजचा ६५, तुम्हाला आठवत असेल. दोन पदरी. समोरून कंटेनर आला की साईडपट्टीवर उतरायचं, आणि ऊसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे मैलभर रांगायचं. तो रस्ता केवळ सरकारी तरतुदीतून चौपदरी व्हायचा तर कधीतरी झालाच असता, पण आपला नंबर लागेपर्यंत थांबावं लागलं असतं. सोलापूरला फक्त पुण्याचा रस्ता नाही. हैदराबाद, विजयपूर, तुळजापूर, सांगोला, अक्कलकोट, सगळीकडे मोठं काम होतं. गेल्या पंधरा-एक वर्षांत या बहुतेक दिशांना चौपदरीकरण झालं ते पैसे आधी उभे करून. कुठे बँकांचं कर्ज, कुठे विकासकाचं भांडवल, कुठे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने काढलेले रोखे. रस्ता आधी मिळाला आणि पैसे नंतर द्यायचे ठरले. टोलचा पहिला उद्देश हा आहे: आगाऊ मिळालेल्या रस्त्याची परतफेड, आणि ती जो वापरतो त्याच्याकडून.

शेवटच्या चार शब्दांवर वाद घालता येतो आणि घालावा. टोल नको असेल तर तो खर्च सगळ्यांच्या करातून जातो. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने राज्यातले १२ टोल नाके बंद केले आणि आणखी ५३ नाक्यांवर कार आणि एसटी बसना सूट दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. कोल्हापूरकरांनी शहरातल्या रस्त्यांवरचा टोल मोठ्या आंदोलनाने २०१५ च्या अखेरीस रद्द करून घेतला. या प्रत्येक ठिकाणी कारवाल्याचे पैसे वाचले, पण कराराप्रमाणे विकासकाला द्यायची भरपाई सरकारवर आली. म्हणजे करमाळ्यात सायकलवर फिरणारा माणूसही त्यात आला. कोल्हापूरचा निर्णय मला पटतो, कारण गावातल्या गावात फिरायला टोल ही कल्पनाच चुकीची होती. लांब पल्ल्याच्या महामार्गावर मात्र वापरणाऱ्याने द्यावं हे तत्त्व मला न्याय्य वाटतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ज्यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ‘रस्त्याला इतके कोटी लागले, टोल तितके कोटी जमा झाला, तरी नाका चालूच’ असं आपण बातम्यांत वाचतो. घराचं कर्ज ज्याने घेतलं आहे त्याला यातली मेख लगेच कळेल. वीस लाखांच्या कर्जावर वीस लाखांचे हप्ते भरून झाले तरी कर्ज शिल्लक असतं, कारण सुरुवातीची कित्येक वर्षं हप्त्याचा मोठा भाग व्याजात जातो. समजा एका टप्प्याला एक हजार कोटी लागले आणि व्याज दहा टक्के. पहिल्या वर्षीचं व्याजच शंभर कोटी. देखभाल, कर्मचारी, रुग्णवाहिका, क्रेन आणि गस्तीच्या गाडीचा खर्च जाऊन टोलमधून ऐंशी कोटी उरले, तर त्या वर्षी कर्ज कमी होत नाही, वीस कोटींनी वाढतं. वाहतूक वाढत गेली की मग हळूहळू चित्र पालटतं. म्हणून प्रकल्पाची किंमत आणि जमा झालेला टोल हे दोन आकडे शेजारी ठेवून निकाल लावता येत नाही. मध्ये व्याज, देखभाल आणि मोठ्या दुरुस्त्या मांडाव्या लागतात.

पण याच हिशोबात लबाडीलाही जागा आहे. दिल्ली–नोएडा डीएनडी उड्डाणमार्गाचं उदाहरण रस्त्यांच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने अभ्यासावं असं आहे. तिथल्या करारात कंपनीला एकूण प्रकल्पखर्चावर दरवर्षी २० टक्के परताव्याची हमी होती, आणि एखाद्या वर्षी तो मिळाला नाही तर राहिलेली तूट प्रकल्पखर्चातच मिळवायची. म्हणजे लोक जसजसे टोल भरत गेले तसतसा ‘वसूल व्हायचा’ आकडा फुगत गेला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये तो टोल बंद केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. ‘पैसे वसूल झाले का’ याचं उत्तर असं करारातल्या एका कलमात दडलेलं असतं. ते कलम न वाचता, होय किंवा नाही, दोन्ही उत्तरं निव्वळ अंदाज ठरतात.

आपल्या भागातच तीन तऱ्हेचे रस्ते आहेत. खासगी बीओटी हा पहिला. तुळजापूरमार्गे येडशीपर्यंतचा टप्पा असा झाला. विकासकाने पैसे घातले, ठरावीक वर्षं टोल तो घेतो, मुदत संपली की रस्ता सरकारचा. अशा करारात ‘वसुली झाली की बंद’ असं नसतं, मुदत संपेपर्यंत चालू असं असतं. वाहतूक ठरलेल्या लक्ष्यापेक्षा कमी निघाली तर मुदत वाढवायची आणि जास्त निघाली तर कमी करायची, अशी कलमंही असतात. दुसरा प्रकार हायब्रिड ॲन्युइटी, म्हणजे हॅम. मंगळवेढा–सांगोल्याकडचा रस्ता असा झाला. बांधकाम चालू असताना सरकार ४० टक्के रक्कम देतं, उरलेले ६० टक्के पुढची १५ वर्षं सहामाही हप्त्यांनी देतं. तिथे इचगाव आणि अनकढाळच्या नाक्यांवर जमा होणारा टोल ठेकेदाराचा नसून महामार्ग प्राधिकरणाच्या खात्यातला असतो. लोक नाक्यावर ठेकेदाराला शिव्या घालतात, पण त्या टोलशी त्याचा संबंध नसतो. तिसरा प्रकार म्हणजे सरकारने स्वतःच्या पैशाने बांधलेला रस्ता. त्याचा टोल देशाच्या संचित निधीत जातो आणि तिथून पुन्हा महामार्गांसाठी दिला जातो. म्हणजे तुम्ही इथे दिलेल्या पैशातून दुसऱ्या राज्यातला रस्ताही होऊ शकतो.

दर कसा ठरतो तेही सांगतो, कारण दर नाकेवाला ठरवतो असा समज आहे. राष्ट्रीय महामार्गांसाठी २००८ चे शुल्क नियम आहेत. त्यात २००७–०८ साठी कारला किलोमीटरला ६५ पैसे, दोन ॲक्सलच्या (चाकांच्या दोन आसांच्या) ट्रक-बसला २ रुपये २० पैसे असा मूळ दर होता. दर एप्रिलला त्यात मूळ दराच्या ३ टक्के सरळ वाढ होते, चक्रवाढ नाही, आणि घाऊक महागाईच्या वाढीचा ४० टक्के भाग वर धरला जातो. त्यामुळे कारचा दर आता किलोमीटरला दीड रुपयाच्या आसपास आलेला आहे. पक्क्या साईडपट्टीच्या दोन पदरी रस्त्याला चौपदरीच्या ६० टक्के दर. दोन नाक्यांमध्ये साधारण ६० किलोमीटर अंतर असावं असाही नियम आहे, अपवादांसह.

इथपर्यंत झालं परतफेडीचं. टोलचा दुसरा उद्देश देखभाल हा आहे, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा, कारण कर्ज कधीतरी फिटतं, रस्ता झिजायचा थांबत नाही.

आपली जमीन बघा. मोहोळपासून पुढे मंगळवेढ्यापर्यंत काळी माती. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर रस्ता बांधायचा म्हणजे आधी ती काढा किंवा चुना घालून सुधारा, वर चांगल्या मुरमाचा भराव, मग खडीचे थर, मग डांबर. इतकं करूनही कडेने लांबच लांब भेग येते. पाऊस सोलापूरला कमी, पण येतो तो एकदम. त्या भेगेतून पाणी खाली उतरलं की पहिल्याच पावसाळ्यात कडा खचते, वरून ट्रक जातो आणि खड्डा तयार होतो. मे महिन्यात ती भेग डांबराने भरली तर खर्च किरकोळ. जूनमध्ये राहून गेली तर ऑक्टोबरमध्ये तिथला थर उखडून नवा करावा लागतो. देखभालीत हा मे आणि जूनमधला फरकच सगळं ठरवतो. माझ्या कामाचा मोठा भाग पावसाळ्याच्या आधी अशा भेगांच्या याद्या करून त्या भरून घेणं हाच होता. त्याशिवाय दर काही वर्षांनी सगळ्या रस्त्यावर डांबराचा नवा थर टाकावा लागतो, आणि तो खर्च शेकडो कोटींत जातो.

सरकारी अर्थसंकल्पात पैशाची ओढ आली की पहिली कात्री देखभालीला लागते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. नव्या रस्त्याचं उद्घाटन होतं, भेग भरण्याचं कुणी करत नाही. टोलच्या करारात मात्र देखभाल ही अट असते. रस्ता खडबडीत झाला तर थर टाकायचा, खड्डा ठरलेल्या वेळेत बुजवायचा, नाहीतर दंड. ही अट कागदावर राहते की रस्त्यावर उतरते, ते देखरेख करणाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर आणि लोकांच्या तक्रारींवर अवलंबून असतं. पण अट असते, पैसाही असतो. टोल नसलेल्या कित्येक रस्त्यांना दोन्ही नसतं.

रस्ता झिजवतो कोण, हेही समजून घ्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून एक ठोकताळा मिळाला, तो आम्ही अजून वापरतो: एका ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होते. कारच्या एका ॲक्सलवर सातशे किलो धरा आणि ट्रकच्या मागच्या ॲक्सलवर दहा टन, तर झिजेतलं अंतर चाळीस हजार पटींच्या वर जातं. तुमच्या कारने रस्ता जवळजवळ झिजतच नाही. मग तुम्ही का द्यायचं? कारण चार पदर लागले ते गाड्यांच्या संख्येमुळे, त्यांच्या वेगामुळे आणि सुरक्षित ओव्हरटेकमुळे. त्यात कारचा वाटा मोठा. म्हणजे तुमचा टोल जागेचा आणि वेळेचा, ट्रकचा टोल जागेचा आणि झिजेचा. तरीही ट्रकचा मूळ दर कारच्या साडेतीन पटींच्याही आत आहे. झिजेच्या मानाने तो फारच कमी आहे, पण तसा वाढवला तर सोलापूरच्या बाजारातल्या कांद्याचं भाडं आणि टॉवेल-चादरींच्या मालाचं भाडं कुठे जाईल, याचाही विचार नियम करणाऱ्यांना करावा लागतो.

२०१८ मध्ये केंद्राने ट्रकच्या एका ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वाढ ऐकायला तेरा टक्क्यांची. पण वरचाच ठोकताळा लावला तर पूर्ण भरलेल्या ॲक्सलची झीज साधारण ६० टक्क्यांनी वाढते. आधी बांधलेले थर जुन्या वजनासाठी आखलेले होते. आणि आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके की गाळप हंगामात ऊसाने भरलेल्या गाड्या रात्रंदिवस महामार्गावर असतात. दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरला तर टोलच नाही. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला सूट असावी हे मला मान्य आहे. पण हंगामभर कारखान्यासाठी वाहतूक करणाऱ्या ओव्हरलोड गाड्यांचं वजन नाक्यावर काटेकोर झालं, तर तुमच्या टोलमधला दुरुस्तीचा भार नक्की हलका होईल.

पुलांबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाहीत, पण टोलमध्ये त्यांचं वजन मोठं असतं. २००८ च्या नियमांत पुलाची किंवा बोगद्याची लांबी दसपट धरून टोल काढला जायचा, कारण एक किलोमीटर पुलाचा खर्च जमिनीवरच्या रस्त्यापेक्षा अनेक पटींनी जास्त असतो. त्यामुळे जिथे रस्ता बहुतेक पुलांवरूनच जातो तिथे दर फार चढायचे. जुलै २०२५ च्या दुरुस्तीने तिथे पर्याय आला: पूल वगळून उरलेल्या लांबीत पुलाची दसपट मिळवा, किंवा सगळ्या टप्प्याची पाचपट धरा, यातलं जे कमी ते. ही सुधारणा योग्यच झाली.

पुलाचा खर्च बांधून संपत नाही. पूल भरावाला मिळतो तिथे भराव खचून गचका बसतो. एक्सपान्शन जॉइंटचं, म्हणजे पुलाच्या दोन भागांमधल्या फटीतलं, रबर फाटतं. खांबावरचा टेकू, म्हणजे बेअरिंग, बदलायचा तर अख्खा डेक, म्हणजे पुलाचा वरचा भाग, जॅकवर उचलावा लागतो. आणि पूर येऊन गेला की खांबांच्या पायाशी नदीने किती माती नेली ते तपासावं लागतं. हे काम पाणी ओसरल्यावर लगेच व्हायला हवं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला आणि लांबोटीजवळ पुणे महामार्गाची वाहतूक थांबवावी लागली, ते तुम्ही स्वतः अनुभवलं असेल. एक पूल बंद झाला आणि सोलापूर पुण्यापासून तुटलं. त्या पुलाच्या पायाची पाहणी आणि दुरुस्ती यासाठी कुणाच्या मंजुरीची वाट न पाहता हाताशी पैसा असणं, यासाठी मी तरी टोल द्यायला तयार आहे.

आता तिसरा प्रश्न. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा संपूर्ण नवा रस्ता आहे. टोल द्यायचा नसेल त्याला जुने रस्ते आहेत. तिथे टोल म्हणजे निवड. आपल्याकडे तसं झालं नाही. जुना महामार्गच रुंद केला गेला, म्हणजे बिनटोलचा रस्ता नव्या रस्त्याच्या पोटात गेला. मोहोळहून सोलापूरला यायला सोयीचा दुसरा मार्ग उरला नाही. रोज वीस-पंचवीस किलोमीटर जाणारा स्थानिक माणूस अडीचशे किलोमीटर जाणाऱ्या प्रवाशाच्याच जाळ्यात अडकतो. ही उणीव रचनेतलीच आहे. सलग सर्व्हिस रोड आधी आखले असते तर ती बरीच टळली असती. आमच्यासारख्या लोकांनी नकाशे काढताना गावांचा विचार महामार्गाच्या नंतर केला, हे मी मोकळेपणाने म्हणतो.

टोलचा हक्क कुठे संपतो याबद्दल माझी दोन ठाम मतं आहेत. एक, रस्ता वापरण्याजोगा नसेल तर टोल नाही. केरळमधल्या पालियेक्कारा नाक्यावर रस्त्याची दुर्दशा आणि कोंडी बघून तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये टोलवसुली थांबवली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. कर भरलेल्या लोकांनी खड्ड्यांतून जाण्यासाठी पुन्हा पैसे द्यायचे नाहीत, असा त्या आदेशाचा आशय होता. दोन, भांडवल फिटलं की दर उतरलाच पाहिजे. २००८ च्या मूळ नियमांत ही तरतूद होती: खर्च वसूल झाल्यावर टोल ४० टक्क्यांवर आणायचा, म्हणजे फक्त देखभालीपुरता. २०२३ च्या दुरुस्तीने ती कपात काढून टाकली आणि पूर्ण दर चालू ठेवायची मुभा दिली. हे मला अजिबात मान्य नाही. परतफेड आणि देखभाल हे दोन उद्देश वेगळे आहेत. पहिला पूर्ण झाला की त्याचे पैसे घेणं थांबलं पाहिजे. तुम्हाला रागच व्यक्त करायचा असेल तर नाक्यावरच्या पोराशी हुज्जत घालण्यापेक्षा आपल्या खासदाराला हा नियम परत आणायला सांगा.

शेवटी तुमच्या खिशाचं. सावळेश्वरचा नाका मोहोळपासून २० किलोमीटरच्या आत आहे, म्हणून खासगी कारसाठी स्थानिक मासिक पास मिळतो. २००७–०८ मध्ये तो १५० रुपये होता, २०२५–२६ मध्ये ३५० झाला. महिन्याला पन्नास फेऱ्या धरल्या तर त्या दराने एका फेरीला सात रुपये पडतात. १५ ऑगस्ट २०२५ पासून आलेला वार्षिक फास्टॅग पास २०० फेऱ्यांचा आहे (एक नाका एकदा ओलांडला की एक फेरी). सुरू झाला तेव्हा तो तीन हजारांचा होता, म्हणजे एका फेरीला पंधरा रुपये. रोजच्या जाण्यायेण्यासाठी तो घेतलात तर चार महिन्यांत संपेल. पण पुण्याच्या वाऱ्यांसाठी तो चांगला आहे: जाता-येता सहा नाके, महिन्यातून एकदा म्हणजे वर्षाला ७२ फेऱ्या. तो फक्त राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, राज्याच्या नाक्यांवर नाही. पास नसताना २४ तासांत परत आलात तर येण्याजाण्याचा मिळून दीडपटच टोल कापला गेला पाहिजे, तेवढं खात्यात तपासत जा. फास्टॅगमध्ये पैसे असून नाक्याचं यंत्र बिघडलं असेल तर पैसे न देता शून्य व्यवहाराची पावती मागायचा तुम्हाला हक्क आहे.

आरसी आणि मोहोळच्या पत्त्याचा पुरावा घेऊन नाक्यावरच्या कार्यालयात जा, आणि पास काढतानाच प्रकल्पाची किंमत, टोलची मुदत आणि आतापर्यंतची वसुली यांची माहिती मागा. ती प्राधिकरणाच्या टोल इन्फर्मेशन सिस्टिमवरही नाक्यानुसार असते. तिथे अपुरी वाटली तर सोलापूरच्या प्रकल्प कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा. अर्जात ‘पैसे वसूल झाले का’ असं मोघम विचारू नका. टोलच्या मूळ कराराची (कन्सेशन ॲग्रीमेंट) प्रत, शिल्लक मुदत, मुदतवाढ दिली असल्यास तिचं कारण, आणि गेल्या तीन वर्षांचे देखभाल-पाहणी अहवाल, असं नेमकं मागा. खड्डा, बंद दिवा किंवा तुटलेलं रेलिंग दिसलं तर १०३३ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या. आम्ही अहवाल लिहायचो तेव्हा तक्रार क्रमांक असलेला खड्डा ठेकेदाराला नाकारता येत नसे.